बासरीच्या आतले पॉलिश दर पावसाळ्यात सुटते, त्यावरचा उपाय

हाताने बनवलेल्या बासरीच्या आत दिलेले पॉलिश उन्हाळ्यात काचेसारखे चमकते, जुलै उजाडला की पांढुरके पडते, गणपतीच्या सुमारास फुंकेच्या छिद्राजवळ त्याचे पोपडे सुटू लागतात आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत नेमकी त्याच जागी बांबूला केसाएवढी चीर दिसते. मग पोपडे खरवडून पुन्हा पॉलिशचा हात दिला जातो आणि पुढच्या वर्षी तेच चक्र पुन्हा सुरू होते. चिपळूणच्या दमट हवेत माझ्या पांढरी तीनच्या (हार्मोनियमची तिसरी पांढरी पट्टी ज्याचा षड्ज आहे अशा) बासरीने हा प्रकार सलग चार वर्षे केला. प्रत्येक वेळी मी पॉलिश बदलले आणि प्रत्येक वेळी दोष पॉलिशलाच दिला. पाचव्या वर्षी बासरीच्या पोकळीत बारीक दिवा सोडून नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की सुटलेल्या प्रत्येक पोपड्याची मागची बाजू काळी होती. त्या काळ्या रंगाकडे मी पुढे येतो. आधी बांबूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण हा सगळा घोळ बांबूला लाकूड समजण्यातून होतो.

बासरीचा बांबू पातळ भिंतीचा आणि लांब पेराचा असावा लागतो. आपल्याकडे बांधाबांधावर उभा असणारा माणगा जातीचा बांबू बराचसा भरीव असल्यामुळे या कामाचा नाही आणि कळकाची भिंत जाड पडते. म्हणून बहुतेक कारागीर आसामकडून येणारा बांबू वापरतात. या बांबूची बाहेरची साल सिलिका आणि मेणचट द्रव्य यांमुळे जवळजवळ जलरोधक असते, तर आतली भिंत तुलनेने मऊ आणि पाणी शोषणारी असते. लाकडात गाभ्यापासून सालीकडे आडव्या जाणाऱ्या पेशींच्या रांगा असतात, तशा बांबूत नसतात. बांबूतल्या नळ्या फक्त लांबीच्या दिशेने धावतात. त्यामुळे आतल्या भिंतीवर लावलेले द्रव्य आडवे फार खोल जात नाही, पण जिथे या नळ्या आडव्या कापल्या गेल्या आहेत तिथे ते भराभर शोषले जाते. अशा जागा दोनच: बासरीची टोके आणि प्रत्येक छिद्राच्या भिंतीचा टोकांकडे तोंड केलेला भाग. वादकाच्या श्वासातली वाफही याच वाटांनी आत शिरते. आतली बाजू भिजून फुगते, बाहेरची साल जागची हलत नाही, आणि वादन संपल्यावर आतली बाजू पुन्हा आकसते. चीर बहुतेक वेळा छिद्राच्या काठापासून का सुरू होते आणि सरळ रेषेत का धावते, याचे उत्तर इथेच आहे. तरीही आपण पॉलिश करताना पोकळीवर भर देतो आणि छिद्रांच्या भिंती कोरड्या सोडतो.

उपाय करण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे, हे ठरवावे. पांढुरकेपणा तीन कारणांनी येतो आणि ती तिन्ही कारणे दिसायला सारखीच असतात. सळईला मलमलीची पट्टी गुंडाळून, तिला स्पिरिटचे दोन-तीन थेंब लावून ती एकदाच आत फिरवावी. पांढरेपणा लगेच नाहीसा झाला आणि पट्टीवर फिकट पिवळा, किंचित चिकट डाग आला, तर लाखेच्या पॉलिशने ओल धरलेली आहे. पट्टीवर करडी किंवा हिरवट भुकटी आली आणि कुबट वास सुटला, तर ती बुरशी आहे. पट्टी आत सरकतानाच अडखळत असेल आणि बाहेर आल्यावर तिच्यावर धूळ व तेल यांचा तपकिरी थर दिसत असेल, तर न वाळणारे तेल आत साचलेले आहे. तिसऱ्या प्रकारात पुष्कळदा बुरशीही असते, कारण तेलाच्या थराला चिकटलेली धूळ आणि लाळ तिला आयतीच मिळते.

आता काळ्या रंगाविषयी. बासरीची छिद्रे परंपरेने तापवलेल्या सळईने पाडली जातात आणि पेराची गाठ आत राहिली असेल तर तीही सळईनेच जाळून मोकळी केली जाते. जळलेल्या जागी कोळशाचा पातळ थर उरतो. हा थर बांबूला घट्ट धरून नसतो. त्याच्यावर कितीही उत्तम पॉलिश दिले तरी ते कोळशाला चिकटते, बांबूला नव्हे, आणि पहिल्या ओलीबरोबर कोळसा बांबूपासून सुटला की पॉलिशही त्याच्यासोबत निघून येते. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो फुंकेच्या छिद्राच्या आतल्या काठावरून एकदा फिरवून पाहावा. कापूस काळा झाला, तर पुढचे सर्व परिश्रम व्यर्थ आहेत, असे समजावे. माझ्या बासरीत फुंकेच्या छिद्राभोवती सुमारे अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत ही काजळी होती आणि पोपडेही बरोबर तेवढ्याच पट्ट्यात सुटत होते. ड्रिलने पाडलेल्या छिद्रांमध्ये हा दोष नसतो, मात्र तिथे तंतूंची कुसळे उभी राहतात आणि पॉलिश त्यांच्या टोकांवर थेंबासारखे जमते.

पोपडे सुटण्याचे दुसरे कारण बांबूतली ओल. बांबू वर्षभर सावलीत मुरलेला असला, तरी पावसाळ्यात तो हवेतली ओल पुन्हा घेतो. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर बासरी दर आठवड्याला एकदा ठेवावी आणि लागोपाठ तीन आठवडे वजन बदलले नाही, तरच पॉलिशला हात घालावा. कोकणात हे साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून जमते. घाईने ऑगस्टमध्ये केलेले पॉलिश म्हणजे ओल आत कोंडून बाहेरून दार लावणे होय.

कोणते द्रव्य निवडावे, याबद्दल वादकांमध्ये आणि कारागिरांमध्ये ठाम मते असतात आणि प्रत्येकाच्या घरी एक खास तेल असते. मत काहीही असो, तेल वाळणारे आहे की न वाळणारे, एवढे मात्र पाहिलेच पाहिजे. वाळणारे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःच घट्ट होते. हा गुण मोजण्यासाठी रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य वापरतात; ते जितके जास्त, तितके तेल चांगले वाळते. जवसाच्या तेलाचे हे मूल्य १७० च्या वर असते, मोहरीच्या आणि तिळाच्या तेलाचे १०० च्या आसपास आणि खोबरेलाचे जेमतेम १०. म्हणजे खोबरेल कधीच वाळणार नाही. शिवाय ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे रियाजाला बसल्यावर पोकळीत पांढरा तुपकट लेप दिसतो आणि त्याला पुन्हा बुरशी समजले जाते. मोहरीचे तेल बासरीत ओतण्याची प्रथा जुनी आहे आणि कोरड्या प्रदेशात, नियमित पुसत राहिल्यास, ती चालूनही जाते. पण ते अर्धवट वाळून गोंदासारखे चिकट होते आणि कोकणात किंवा गोव्यात त्याचा त्रासच जास्त होतो. बदाम तेलाचीही गत तीच, फक्त खर्च अधिक.

म्हणून माझी निवड जवसाच्या कच्च्या तेलाची आहे. घाण्यावर काढलेले, खाण्याचे जवस तेल विदर्भ-मराठवाड्यात सहज मिळते आणि बासरी ओठांशी लागत असल्यामुळे खाण्याचे तेल वापरण्यात समाधानही असते. रंगाच्या दुकानातल्या डब्यात मिळणारे उकळलेले जवस तेल लवकर वाळते खरे, पण त्यात वाळण्याचा वेग वाढवण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून ते मी बासरीत घालत नाही. टंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल पाण्याला जवसापेक्षा अधिक चांगले टिकते, मात्र शुद्ध टंग तेल मिळेलच असे नाही, आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीत प्रत्यक्षात वॉर्निश असू शकते.

लाखेचे पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, हे वाईट द्रव्य नाही. वाफ अडवण्यात ते उत्तमांपैकी एक आहे आणि ज्यांना आतली भिंत कडक व गुळगुळीत हवी असते, त्यांच्यासाठी ते योग्यही आहे. त्याचा दोष असा की वाफ थंड होऊन पाण्याचा थेंब एका जागी साचून राहिला, की ते तिथे पांढरे पडते, आणि जाड दिलेला हात आधी पांढरा पडतो. चपड्यात ३ ते ५ टक्के मेण असते आणि ते पाण्याबाबतीत पॉलिशला आणखी कमजोर करते. हे मेण घरीच वेगळे करता येते. १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडा विरघळवून काचेची बरणी हलवल्याशिवाय चार-पाच दिवस ठेवावी. मेण ढगासारखे तळाशी बसते आणि वरचे स्वच्छ द्रावण अलगद ओतून घेता येते. द्रावण ताजे असणे फार महत्त्वाचे आहे. चपडा स्पिरिटमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिला की त्याचा वाळण्याचा गुण कमी होत जातो. एकदा मी एका दुकानातून तयार पॉलिशची बाटली आणली आणि ती किती जुनी आहे हे विचारलेही नाही. तीन आठवड्यांनंतरही बासरीच्या आत बोटाचा ठसा उमटत होता. आता मी नवे असो वा जुने, एक थेंब काचेवर टाकून रात्रभर ठेवतो आणि सकाळी नखाने दाबून पाहतो. नखाचा वण उमटला, तर ते द्रावण फर्निचरलासुद्धा वापरू नये.

पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाइन आणि थिनरवर चालणारे लॅकर यांच्याविषयी थोडक्यात एवढेच की ही द्रव्ये कडक कातडी तयार करतात आणि बांबू ज्या प्रमाणात आत-बाहेर हलतो त्या प्रमाणात ती कातडी हलत नाही. ती सुटली तर थोडी थोडी न सुटता पत्र्यासारखी सुटते, तिची जागोजागी डागडुजी होत नाही आणि थिनरचा वास आठवडेच्या आठवडे नाकात जातो. टेबलासाठी ती ठीक आहेत.

आता प्रत्यक्ष काम. जुने लाखेचे पॉलिश काढायला खरवडण्याची गरज नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेली पट्टी दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी बदलून, फिरवली की ते निघते. जुने तेल असेल तर टर्पेंटाइनची पट्टी आधी आणि स्पिरिटची नंतर. बुरशी असेल तर स्पिरिटने पुसून दोन दिवस वाऱ्यावर ठेवावे. त्यानंतर बासरीच्या पोकळीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर बारीक अशा गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आधी १२०, मग २२० आणि शेवटी ४०० नंबरचा कागद फिरवावा. काठी गोल फिरवू नये, लांबीच्या दिशेने मागेपुढे ओढावी, अन्यथा तंतू आडवे फाटतात. इतक्या गुळगुळीतपणाची गरज काय, असा प्रश्न येतो. मध्य सप्तकातल्या स्वरांसाठी पोकळीच्या भिंतीलगत साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा हवेचा थर घर्षणात ऊर्जा गमावतो. कुसळे त्या थराच्या बाहेर डोकावू लागली की मंद्रातला पंचम, जिथे सर्व छिद्रे बंद असतात आणि हवेला पूर्ण लांबी तुडवावी लागते, सर्वांत आधी घोगरा होतो. याहून अधिक घासून काही साधत नाही.

छिद्रांमधली काजळी काढण्यासाठी मी लहान गोल कानस घेत नाही, कारण ती काठ गोलसर करते. आगपेटीच्या काडीला २२० नंबरच्या कागदाची पट्टी चिकटवून छिद्राच्या भिंतीवरून आतून बाहेर, अगदी हलक्या हाताने ओढत जावे, जोपर्यंत तपकिरी-पिवळा बांबू दिसत नाही आणि कापूस स्वच्छ राहत नाही. फुंकेच्या छिद्राच्या वादकासमोरच्या काठाला मात्र वरून कागद लावूच नये. फुंक ज्या धारेवर फुटते ती धार हीच आणि ती बोथट झाली तर सुरात हवा मिसळते; तो दोष कोणत्याही पॉलिशने झाकता येत नाही.

तेल ओतून, बासरी हलवून, उरलेले काढून टाकण्याची पद्धत सोपी आहे, पण तेल नेहमी फुंकेच्या बाजूचे टोक बंद करणाऱ्या बुचाशी जाऊन साचते. बुचापासून फुंकेच्या छिद्रापर्यंतची जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची जागा म्हणजे आतली विहीर आहे: तिथे हवा खेळत नाही, तेल वाळत नाही, आणि वादकाची सर्वाधिक वाफ तिथेच बसते. बूच काढता येत असेल, तर ते जरूर काढावे आणि दोराला नट बांधून तो नळीतून खाली सोडावा. दोराच्या दुसऱ्या टोकाला तेलात भिजवून पिळलेली मलमलीची गाठ बांधावी आणि ती सावकाश ओढून घ्यावी. मागचे टोक नैसर्गिक गाठीने बंद असलेल्या बासरीत सळईच वापरावी लागते. पांढरी तीनच्या, सुमारे २२ मिलिमीटर पोकळीच्या बासरीला एका हातासाठी चहाच्या चमच्याएवढे, म्हणजे ५ मिलिलिटरच्या जवळपास तेल पुरते. यापेक्षा जास्त लागत असेल, तर तेल मुरत नसून साचत आहे. पहिल्या हाताचे तेल वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करून घ्यावे, म्हणजे ते पातळ होऊन चांगले शिरते. छिद्रांच्या भिंतींना कापसाच्या बारीक बोळ्याने दोनदा, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तेल लावावे, कारण पहिले तेल कापलेल्या नळ्या पिऊन टाकतात. टोकांनाही तसेच करावे. वीस मिनिटांनी कोरड्या पट्टीने आत जे काही ओले दिसते ते सर्व पुसून काढावे. या पुसण्यात कंजूषपणा केला, तर पुढचा सगळा आठवडा चिकटपणाशी झगडण्यात जातो.

तेल पुसलेली फडकी बोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकू नयेत. जवस तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्याच्या आत ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवून ठेवावे किंवा अंगणात पसरून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्यावे.

नळीच्या आत प्राणवायू फिरत राहिला तरच तेल घट्ट होते. म्हणून बासरी आडवी न ठेवता, उघडे टोक वर करून, सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात टांगावी. उन्हात ठेवू नये, चिरते. पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये मी किमान दहा दिवस सोडतो आणि दुसऱ्या हातानंतर तीन आठवडे वाजवत नाही. वाळले की नाही हे वासावरून समजते: कच्च्या जवसाचा चटणीसारखा वास जाऊन जवळजवळ काहीच वास उरत नाही, आणि आत फिरवलेल्या टिश्यू कागदावर डाग येत नाही. बहुतेकांना दोन हात पुरेसे असतात. ज्यांना लाखेची चकाकी हवीच असेल, त्यांनी ती याच वाळलेल्या तेलावर, मेण काढलेल्या पातळ द्रावणाचे दोन हात देऊन मिळवावी. तो थर कधी पांढरा पडला, तरी खाली बांबू उघडा राहत नाही.

आता सुराची तपासणी. पोकळीत ०.०५ मिलिमीटरचा थर वाढल्याने सुरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, पण छिद्राचा व्यास पाव मिलिमीटरने कमी झाला तर तो स्वर किंचित उतरतो. म्हणून नव्या बासरीचे शेवटचे सूर मिळवणे पॉलिश पूर्ण वाळल्यावरच करावे. ट्यूनरवर पाहताना खोलीचे तापमान सारखे असावे, कारण दर अंशामागे सूर सुमारे ३ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो आणि मार्चच्या दुपारी मिळवलेला षड्ज जानेवारीच्या पहाटे उतरलेला दिसला, तर दोष पॉलिशचा नसतो. गळती तपासायची असेल, तर सहाही छिद्रांवर टेप लावावी, खालचे टोक तळहाताने घट्ट बंद करावे आणि फुंकेच्या छिद्रावर ओठ लावून हवा ओढावी. ओठ तिथे क्षणभर चिकटून राहिले, तर बासरी हवाबंद आहे. हवा हळूहळू आत येत असेल, तर ती बहुधा कापलेल्या टोकांतून किंवा बुचाच्या कडेने येते आणि तिथे लाखेचे दोन थेंब पुरतात.

वापरात आल्यानंतर दोन गोष्टी सांभाळाव्यात. रियाज संपताच कोरडी मलमल आतून फिरवावी आणि बासरी लगेच पिशवीत कोंडू नये. अर्धा तास मोकळी ठेवावी. आणि स्वच्छतेच्या हेतूने सॅनिटायझरचा फवारा आत मारू नये. सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोलच, आणि लाखेचा थर ते त्याच क्षणी विरघळवू लागते. करोनाच्या काळात ज्यांच्या बासऱ्या अचानक आतून चिकट झाल्या, त्यांपैकी अनेकांच्या तक्रारीचे मूळ इथे असावे. ओठांची जागा पुसायला कोमट पाण्यात पिळलेले फडके पुरते. वर्षातून एकदा, शिमग्याच्या सुमारास, फुंकेच्या छिद्राच्या भिंतीला आणि दोन्ही टोकांना जवस तेलाचा एकेक बोळा लावून पुसून घेतला, तर पोकळीला पुन्हा हात लावण्याची वेळ सहसा येत नाही. माझ्या त्या पांढरी तीनच्या बासरीला असे केल्यापासून तीन पावसाळे झाले. फुंकेच्या छिद्राजवळची जुनी चीर दोरा गुंडाळून तशीच ठेवली आहे, आणि ती पुढे सरकलेली नाही.